जिथून माझी गाडी परत फिरायची

मी लिहिणारा माणूस नव्हे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे आयुष्यात लिहिलं ते वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, आणि कधीमधी रजेचा अर्ज. पण या माघात आम्ही घरच्या चौघांनी चार दिवस हिंडून आपल्याच जिल्ह्यातली जुनी देवळं पाहिली, आणि परत आल्यापासून लांज्यात जो भेटतो तो विचारतो, "तात्या, कसा झाला प्रवास?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून घसा बसला. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. ज्यांनी ही देवळं पाहिली नाहीत त्यांनी वाचावं आणि मग उठून जावं.

तुम्ही म्हणाल, जन्म रत्नागिरी जिल्ह्यात गेला आणि देवळं आता पाहिली? तर त्याचं असं आहे. देवळाच्या दारापर्यंत मी हजार वेळा गेलोय. गाडी पाराशी यायची, माणसं उतरायची, ड्रायव्हर गाडी वळवायचा, मी वेबिल भरायचो आणि डबल बेल द्यायचो. मला दिसायचा तो कळस, तोही मागच्या काचेतून. रात्री गावातच थांबणारी वस्तीची गाडी असली तरी तेच. पोचेपर्यंत देऊळ बंद, निघायचं ते दार उघडायच्या आधी. आणि जत्रा म्हटली की बाकीच्यांना सुट्टी, आम्हाला जादा गाड्या. तेव्हाच मनाशी धरलं होतं की रिटायर झालो की जिथून जिथून माझी गाडी परत फिरली तिथे बायको-मुलाला घेऊन उतरायचं, आत जायचं आणि घड्याळ न बघता बसायचं. दुसरं काही मी आयुष्याकडे फारसं मागितलं नाही.

गेल्या वर्षी रिटायर झालो. मुलगा महेश आणि सून सायली पुण्याला असतात, दोघांनी मिळून चार दिवसांची रजा काढली. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर देवळांची यादी केली आणि बायकोला, सुनंदाला, दाखवली. तिने चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, पेन मागितलं आणि शेवटच्या नावावर आडवी रेघ मारली.

"आंबेकोंड नको."

"अगो, का पण?"

"तुम्हाला म्हाईत आहे का ते."

माहीत होतं. सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नानंतर सहा वर्षं आम्हाला मूल नव्हतं, तेव्हा सुनंदाने आंबेकोंडच्या सोमेश्वराला नवस केला होता, की पाळणा हलला तर जोडीने येऊन पाच नारळांचं तोरण वाहीन. महेश झाला. तो दीड वर्षाचा होता तेव्हा महाशिवरात्रीला माझी आंबेकोंडची जादा गाडी लागली. मी म्हटलं, चल माझ्याच गाडीतून. पंधरा मिनिटं गाडी थांबते, तू रांगेत पुढे हो, गाडी वळली की मी येतोच. ती पोराला कडेवर घेऊन रांगेत उभी राहिली. रांग हलेना. इकडे गाडी वळून भरली, लोक शिट्ट्या मारायला लागले, "कंडक्टर, चला की!" मी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं झाली होती. आणि मी डबल बेल दिली. बायको रांगेत आहे हे मला दिसत होतं बरं का. वेळ म्हणजे वेळ, म्हटलं, आपल्या माणसासाठी वेगळी असून चालत नाही.

डेपोत ही गोष्ट गाजली. साहेबांनी पाठ थोपटली. पुढे सत्तावीस वर्षं मी ती लग्नाकार्यात, बारशात, चहाच्या टपरीवर सांगत आलो, आणि लोक पोट धरधरून हसत आले. सुनंदा मात्र त्या दिवसापासून आंबेकोंडचं नाव काढत नव्हती आणि नवस तसाच राहिला होता. यादीतली बाकी देवळं झाली काय आणि न झाली काय, मला ते एक हवं होतं, आणि तिच्याशिवाय नको होतं. पण तिच्या रेघेवर बोलायची माझी छाती झाली नाही.

राजापूर, आडिवरे, कशेळी

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. सातला पाच कमी असताना मी महेशच्या गाडीत बसून हॉर्न वाजवला. सुनंदा पायरीवरूनच म्हणाली, "नोकरी संपली तुमची. उतरा आणि पिशव्या धरा." निघालो तेव्हा सव्वासात झाले होते आणि आभाळ कोसळलं नाही.

पहिला धूतपापेश्वर. राजापूरच्या वर झाडीत, नदीच्या अंगाला. देवळामागे मृडानी नदी कातळावरून खाली उडी घेते. माघात पाणी कमी, पण आवाज पुरेसा. थंडगार दगडावर मी मांडी घालून बसलो आणि सवयीने मनगटाकडे पाहिलं. सायलीने हात पुढे केला, "बाबा, घड्याळ द्या इकडे." ते तिने आपल्या पर्समध्ये टाकलं ते चौथ्या दिवशी परत दिलं. ही सायली कोल्हापूरची. बोलणं रोखठोक, हसणं मोठ्याने. आमच्याकडे आली तेव्हा आम्ही सगळे एकमेकांशी भांडतोय असं तिला वाटायचं. आमचा हेलच तसा, त्याला काय करणार.

तिथून आडिवऱ्याची महाकाली. सुनंदाने घरून आणलेली ओटी भरली. देवीसमोर ती इतका वेळ डोळे मिटून उभी होती की मी दोनदा खाकरलो, आणि दोन्ही वेळा महेशने माझ्याकडे रागाने पाहिलं.

दुपारी कशेळीला पोचलो. सड्यावरून गाडी जाते तेव्हा दोन्हीकडे नुसता काळा कातळ आणि वाळलेलं गवत, माणूस म्हणेल इथे काय असणार? आणि एकदम रस्ता उतरतो, आंब्या-फणसाची सावली येते आणि समोर कनकादित्याचं देऊळ. सूर्याची देवळं आपल्याकडे फार नाहीत. काळ्या पाषाणाची मूर्ती, अशी शांत की पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. तिथल्या पुजाऱ्यांनी कथा सांगितली. कुणा व्यापाऱ्याचं गलबत मूर्ती घेऊन चाललं होतं, ते या किनाऱ्यापाशी अडलं ते हलेचना, म्हणून मूर्ती कड्याखालच्या घळीत ठेवून तो पुढे गेला, आणि गावातल्या कनका नावाच्या बाईला स्वप्नात ती दिसली. सायली म्हणाली, "म्हणजे बाई होती म्हणून देव सापडला." पुजारी म्हणाले, "होय तर."

जेवण गावातल्याच एका घरी सांगून ठेवलं होतं. कोवळ्या फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी. माणसांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण घरच्या बाई दोनदा वाढायला आल्या आणि तिसऱ्यांदा नको म्हटलं तर रुसल्या. जगात असं वाढणारी माणसं आहेत आणि आपल्याला भूक आहे, याच्यापरतं देवाने काय द्यायचं?

पोट भरलं की मला बोलायला होतं. पडवीत आडवा झालो आणि त्या घरच्यांना आंबेकोंडची गोष्ट सांगायला घेतली. नेहमीप्रमाणे शिट्ट्या, घड्याळ, डबल बेल. घरचे हसले. महेश हसला. गोष्ट तिथेच संपायची, गेली सत्तावीस वर्षं तिथेच संपत होती.

सायली हसली नाही. तिने सुनंदाला विचारलं, "मग आई, तुम्ही काय केलं?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

सुनंदा सुपारी कातरत होती. हात न थांबवता म्हणाली, "काय करणार? गाडीचा आवाज ऐकला म्हणून रांग सोडून धावले. वळणापर्यंत गेले. धुरळा होता नुसता. मागे वळले तर सगळी जत्रा बघत होती. कोणीतरी म्हणालं, कंडक्टरची बायको राहिली. सगळे हसले. हा कडेवर रडत होता. भूक लागली होती त्याला."

"मग?"

"तिथल्या गुरवाच्या आईने हाताला धरून घरी नेलं. कुळथाची पिठी आणि भात घातला दोघांना. संध्याकाळच्या गाडीने आले."

"आणि नवसाचे नारळ?" महेशने विचारलं.

"नवस जोडीचा होता, एकटीने कसा वाहणार? पिशवीत परत आणले." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्या आठवड्यात तुम्ही चाटूनपुसून आमट्या खाल्ल्यात ना, त्यात तेच नारळ होते."

मी उठून विहिरीकडे गेलो आणि उगाच तोंड धुतलं. सगळी जत्रा हसली हे मला माहीत नव्हतं. पुढे आणखी सत्तावीस वर्षं मी गावोगाव लोकांना तिच्यावर हसायला लावत होतो, हे मात्र मला त्या विहिरीवर कळलं. फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

जयगडची खाडी

दुसऱ्या दिवशी कशेळीहून रत्नागिरी, तिथून जयगड, आणि जयगडहून फेरीबोटीत गाडी घालून खाडीपलीकडे तवसाळ. तिथून हेदवी, मग वेळणेश्वर. या बोटीमुळे चिपळूणचा मोठा वळसा वाचतो.

रत्नागिरीत स्टँडवरून जाताना माझ्याच्याने राहवलं नाही. "पाच मिनिटं," म्हटलं आणि उतरलो. जुने दोस्त भेटले, चहा झाला, दुसरा चहा झाला. घड्याळ सायलीच्या पर्समध्ये. मी परत आलो तेव्हा महेश स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. "बाबा, बोट चुकणार."

"काय नाय चुकत. आपल्याला बघून थांबतील."

जयगडच्या धक्क्यावर आम्ही उतार उतरत होतो आणि समोर बोटीची फळी वर जात होती. मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन दोन्ही हात हलवले, "ओ, थांबा, थांबा!" फळीपाशी उभ्या असलेल्या तरुण खलाशाने माझ्याकडे नीट पाहिलं, हात वर केला, आणि बोट सुटली. आमच्यात आणि तिच्यात वीस हात पाणी असेल नसेल.

माझं डोकं सणकलं. "दिसत होतो की त्याला आपण! दोन मिनिटं थांबला असता तर काय खाडी आटणार होती?" असं मी बडबडत राहिलो. मग मागच्या सीटवरून कसला तरी आवाज आला. सुनंदा हसत होती. पदर तोंडात कोंबून हसत होती, पण तो पुरेना. शेवटी सायलीच्या खांद्याला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुढची फेरी यायला तासभर होता. तेवढ्या वेळात मी बोललो की ती पुन्हा हसायची, गप्प बसलो तरी हसायची.

धक्क्यावर टपरी होती, तिथे वडापाव खाल्ला. शेजारी कुणीतरी मोठ्या तव्यावर बांगडे तळत होतं आणि वास असा की महेश दोनदा उठून उभा राहिला. पण सुनंदाचा नियम होता, देवळं पुरी होईपर्यंत मासे नाहीत. कोकणातल्या माणसाला खाडीकाठी बसवून बटाटेवडा खायला लावणं याला तपश्चर्याच म्हटलं पाहिजे.

तीच बोट परत आली. मी त्या खलाशाला गाठलं. "काय रे, आम्ही दिसलो नाही का तुला?"

"दिसलात ना काका. पण टाइम झाला होता. पलीकडे पण माणसं उभी असतात, नाय का?"

अगदी माझेच शब्द, माझ्याच सुरात. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं." तो बिचारा बुचकळ्यात पडला. भांडण होईल म्हणून तयारीत होता.

हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन झालं आणि उन्हं कलायच्या सुमाराला आम्ही वेळणेश्वरला होतो. देवळातून निघून पाच पावलं टाकली की माडांची रांग, आणि पलीकडे वाकडा, लांबच लांब किनारा. शंकराने जागा निवडावी तर अशी. सायलीला समुद्राचं अजून अप्रूप, ती महेशला ओढत पाण्यात गेली. आम्ही दोघं वाळूत बसलो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं काही काम नसताना असे शेजारी बसल्याचं मला आठवेना.

मी म्हटलं, "सुनंदा, चुकलं माझं."

"कशात?"

"आंबेकोंडला. आणि नंतर सगळीकडे सांगत फिरलो त्यात जास्त."

ती पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? मी म्हणाले होते का कधी की तुम्ही बरोबर केलंत? ज्याच्या दारात केलंत त्याला सांगा. चार माणसांत केलंत, तर चार माणसांत सांगा."

"म्हणजे तू येशील?"

"मी कुठे असं म्हणाले?" तिने वाळू झटकली आणि उठली. "चला, पोरं भिजलीत. टॉवेल गाडीतच राहिला."

संगमेश्वर

तिसरा दिवस गुहागर-चिपळूणवरून संगमेश्वर कसब्याच्या कर्णेश्वराचा. एवढ्या वर्षांत या देवळाजवळून माझी गाडी किती वेळा गेली असेल त्याचा हिशोब नाही, आणि आत पाऊल टाकलं तेव्हा मी चक्क ओरडलो, "अरे बापरे!" सगळं काळ्या दगडात. खांब कोरलेले, दारं कोरलेली, मान वर करावी तर छतसुद्धा कोरलेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पायांना गारवा. सायली फोटो काढता काढता थांबली आणि फोन पिशवीत ठेवून नुसती बघत राहिली. महेश एका खांबाला टेकून म्हणाला, "बाबा, हे करायला किती पिढ्या लागल्या असतील?" मी म्हटलं, "कुणाला घाई नसेल, म्हणून झालं." सुनंदाने चमकून माझ्याकडे पाहिलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिथे. दुःखाचं नव्हे. गुडघे अजून चालतात, बायको शेजारी आहे, मुलगा रजा काढून आपल्याला हिंडवतोय, परक्या घरची मुलगी आपलं घड्याळ सांभाळतेय. अजून काय पाहिजे माणसाला? मी कर्णेश्वराला काही मागितलंच नाही. नुसतं "बरं चाललंय" म्हणून सांगितलं.

मुक्काम देवरुखला होता. बाहेर चहा घेताना मी जरा दबकतच म्हटलं, "उद्या मग सरळ लांज्याला जाऊ."

सुनंदाने बशीत चहा ओतला. फुंकर मारली. "उद्या गाडी कोण चालवणार?"

"महेश. आणखी कोण?"

"त्याच्याशेजारी कोण बसणार?"

"मी."

"नाय. मी बसेन. तुम्ही मागे. आणि निघायचं कधी ते मी सांगेन." तिने चहा संपवला. "मग येते आंबेकोंडला."

महेश आणि सायली दोघं एकदम माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच बाजारात गेली आणि पिशवी घेऊन आली. आत काय आहे ते मी विचारलं नाही, पिशवीच्या आकारावरून दिसत होतं.

आंबेकोंड

देवरुखच्या पुढे रस्ता सह्याद्रीकडे जातो. डोंगर जवळ येत येत शेवटी समोर भिंतच उभी राहते, आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी आंबेकोंड. काजूला मोहर आला होता, वास गाडीत येत होता. पारापाशी गाडी थांबली. वळायची जागा तीच होती, डांबर नवं होतं. मी उतरलो. या जागेवर माझा पाय टेकला होता तो नेहमी गाडीच्या पायरीवरून, टायरला लाथ मारून हवा बघण्यापुरता.

शिवरात्र आठवड्यावर आली होती. देवळात झाडलोट, सारवण चाललेलं, पंधरा-वीस माणसं कामाला. सोमेश्वराचं देऊळ कर्णेश्वरासारखं कोरीव नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आत लाकडाचे जाडजूड खांब, आणि गाभारा मात्र फार जुना, काळ्या चिऱ्यांचा, वाकूनच जावं लागतं. पिंडीवर तांब्याच्या अभिषेकपात्रातून थेंब थेंब पाणी पडत होतं.

गुरव पुढे आले. बाबल गुरव, साठीच्या पुढचे, अंगात बंडी. त्यांनी सुनंदाकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "लांज्याच्या वैनी ना तुमी? आमच्या घरात पिठी-भात जेवलेल्या?"

सुनंदा म्हणाली, "हो. आई कशा आहेत?"

"आय गेली, झाली सात वर्सं. शेवटपातूर म्हणायची, ती बाय परत आली नाय." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "आणि हे कंडक्टरसायेब."

सारवणाऱ्या बायकांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हणजे गोष्ट गावाला पाठ होती. कानाची पाळी तापली माझी. पण सुनंदाने चार माणसांत म्हटलं होतं, आणि माणसं तर चारापेक्षा जास्त होती. मी बाबल गुरवांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "गाऱ्हाणं घालायचं आहे. मी काय केलं ते सगळं सांगून घाला. काही झाकू नका."

सायलीने विचारलं, "गाऱ्हाणं म्हणजे?" त्यांच्याकडे ही पद्धत नाही. महेशने सांगितलं, "आपण देवाशी स्वतः बोलत नाही. आपल्या वतीने गुरव बोलतात, सगळ्यांदेखत. आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सगळे म्हणाले की देवाने ऐकलं."

गुरवांनी कामावरच्या सगळ्यांना बोलावलं. हातातल्या केरसुण्या ठेवून, शेणाचे हात धुऊन माणसं आली. आम्ही चौघं पुढे हात जोडून उभे राहिलो. गुरवांनी नारळ हातात घेतला, गाभाऱ्याकडे तोंड केलं आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"बा सोमेश्वरा म्हाराजा! आज तुज्या पायाशी लांज्यासून हे तुजं लेकरू आपल्या लक्ष्मीला, मुलाला, सुनेला घेऊन आलं हाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या किरपेनं ह्यांच्या घरात पाळणा हलला. सत्तावीस वर्सांमागं ही नवस फेडाया आली, ती तुज्या दारात रांगंत उभी होती, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तवा ह्यानं, बायको नि तान्हं पोर रांगंत दिसत असून, गाडीची घंटी मारली नि निघून गेला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" हे इतक्या जोरात आलं की कौलांवरची कबुतरं उडाली. मागचा एक म्हातारा तर दोनदा म्हणाला. मी जमिनीकडे बघत होतो.

"तिला सगळ्यांच्या हशावर सोडली, आनि वर ती गोष्ट हसून हसून सांगितली, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या खेपेला आवाज जरा खाली आला होता. हसणाऱ्यांतले काही जण तिथेच उभे असणार.

"ती चूक त्याला समाजली. तुज्या दारात, चार मानसांत कबूल करतो हाय. काय वाकडंतिकडं झालं आसंल ता पोटात घाल..."

"थांबा, भाऊ."

सुनंदा बोलली होती. गाऱ्हाणं चालू असताना कुणी मध्ये बोलत नाही. गुरव नारळ तसाच धरून मागे वळले. अभिषेकपात्राचं पाणी पडतंय ते ऐकू यायला लागलं. माझ्या मनात आलं, संपलं, आता ही काय ते बोलणार आणि पिशवी उचलून बाहेर जाणार. आणि गेली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

सुनंदाने पदर सावरला. देवाकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एक राहिलं सांगायचं. त्या दिवशी गाडीत साठ-सत्तर माणसं होती. बायामाणसं होती, लहान पोरं होती. ती सगळी वेळेवर आपापल्या घरी पोचली. एकतीस वर्षांत ह्यांच्या गाडीने कुणाला उशीर केला नाही. ते पण घाला गाऱ्हाण्यात. अर्धंच सांगितलंत तर देवाला कसं कळणार?"

बाबल गुरवांनी तिचं ऐकून घेतलं. मग त्यांनी मान डोलावली, पुन्हा गाभाऱ्याकडे वळले आणि आधीच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "बा सोमेश्वरा! ह्यानं एकतीस वर्सं लोकांची लेकरंबाळं येळंवर घरी पोचवली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. महेश म्हणाला, सायली म्हणाली, तो मागचा म्हातारा म्हणाला.

मला म्हणता येईना. गुरव नारळ हातात धरून माझ्यासाठी थांबले होते. शेवटी सुनंदाने कोपराला धरून मला जवळ ओढलं आणि माझ्या वाटणीचं म्हणून टाकलं, "व्हय म्हाराजा."